माप घेणाऱ्याची अर्हता : चाकाच्या खुर्चीच्या निमित्ताने

चाकाच्या खुर्चीची गरज असलेल्या रुग्णाची तपासणी कोणी करावी आणि ती करणाऱ्याच्या अंगी कोणती अर्हता असावी, हा प्रश्न वरवर पाहता वैद्यकाचा, किंवा फार तर प्रशासनाचा आहे. भाषेच्या अभ्यासकाने त्यात पडण्याचे प्रयोजन काय, अशी पृच्छा होणे स्वाभाविक आहे. त्यास उत्तर असे की, कोणत्याही व्यवसायाची अर्हता कायद्यात उतरते ती शब्दांच्या वाटेने. कोणत्या कर्माला नाव मिळाले, कोणते निनावी राहिले, हे पाहू गेले म्हणजे त्या व्यवसायाच्या इतिहासाचा बराचसा उलगडा होतो. महाराष्ट्रात चाकाच्या खुर्चीच्या बाबतीत 'वाटप' या कर्माला नाव, नियम आणि समारंभ ही तिन्ही लाभली. खुर्चीसाठी रुग्णाच्या अंगाचे माप घेणे, या कर्माला मात्र अद्यापि स्वतंत्र नाव नाही. असे का झाले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

या शोधाचे निमित्त घरगुती आहे, ते सांगून टाकणे बरे. पुणे शहराच्या पूर्वेस, मुळा-मुठेच्या काठी वसलेले खराडी हे हवेली तालुक्यातील जुने गाव १९९७ साली महानगरपालिकेच्या हद्दीत आले आणि पुढील काळात तेथे संगणक-व्यवसायाच्या टोलेजंग इमारती व त्यांच्या भोवती दहा-दहा, बारा-बारा मजली सदनिका उभ्या राहिल्या. अशाच एका सदनिकेत माझ्या आत्या राहतात. काही वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. रुग्णालयातून घरी येताना "चाकाची खुर्ची घ्या" एवढेच आम्हांस सांगण्यात आले. नगर रस्त्यावरील एका दुकानातून मी ती घेतली. दुकानदाराने किंमत सांगितली, घडी कशी घालावयाची ते दाखविले; ती कोणासाठी हवी, हे त्याने विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. खुर्चीची बैठक अठरा इंच रुंद होती. आत्यांची अंगलट चौदा इंचांच्या पलीकडे नाही. चार इंचांच्या त्या पोकळीत त्या लुळ्या पडलेल्या डाव्या अंगावर कलंडू लागल्या. खुर्चीची बाहेरची रुंदी पंचवीस इंच भरली आणि न्हाणीघराच्या दारातून ती आत जाईना. तीन आठवड्यांच्या आत त्यांच्या डाव्या कुल्ल्यावरची त्वचा लाल झाली. शय्याव्रण हे शय्येवरच होते अशी माझी तोपर्यंतची समजूत होती. शब्दाने माझी दिशाभूल केली, असे म्हणावयास हरकत नाही.

त्यानंतर ज्या व्यवसायोपचार-तज्ज्ञ बाई घरी आल्या, त्यांनी खुर्चीकडे पाहिलेही नाही. त्यांनी आत्यांना कडक बैठकीच्या लाकडी खुर्चीवर बसविले आणि पाऊण तास त्यांच्याशी बोलल्या. सकाळी कोण उठवते, संडासला कसे नेतात, उजव्या हातात किती जोर आहे, दिवसाकाठी किती वेळ बसावेसे वाटते, देवघर कोणत्या खोलीत आहे. मग त्यांनी कुल्ल्यांच्या दोन्ही बाजूंस एकेक जाड पुस्तक उभे धरून त्यांच्यामधील अंतर टेपने मोजले. पाठीच्या बुडापासून गुडघ्याच्या मागच्या खळीपर्यंत एक माप, खळीपासून टाचेपर्यंत दुसरे, बैठकीपासून बरगड्यांच्या खालच्या कडेपर्यंत तिसरे, खांद्याच्या फऱ्याच्या टोकापर्यंत चौथे. पायांची मापे डावी-उजवी निरनिराळी घेतली. शेवटी घरातील प्रत्येक दार मोजले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली खुर्चीसेवेच्या प्राथमिक प्रशिक्षणाचा जो पाठ प्रसिद्ध केला, त्यात हाच क्रम आहे, हे मला नंतर कळले : आधी मुलाखत, मग अंगतपासणी, मग मापे. गुडघ्यापर्यंतच्या मापातून तीन ते सहा सेंटिमीटर वजा करून बैठकीची खोली ठरते. न केल्यास बैठकीची कड पोटरीस काचते आणि माणूस पुढे घसरून पाठीला पोक काढून बसतो. पायटा उंच राहिला तर मांड्या उचलल्या जातात व सगळा भार बैठकीच्या हाडांवर येतो. संवेदना गेलेल्या त्वचेला हा भार जाणवत नाही, म्हणून तो घातक.

शिंपी अंगरख्यासाठी हेच करतो आणि त्यास 'बेतणे' म्हणतो. याच क्रियापदाचा 'जिवावर बेतणे' हा दुसरा प्रयोग मराठीत आहे. दोहोंचा संबंध काय, याची चर्चा येथे अप्रस्तुत होईल. परंतु ज्या खुर्चीविषयी मी लिहीत आहे तिच्या बाबतीत पहिले बेतणे चुकले की दुसऱ्याची पाळी येते, एवढे खरे. जुन्या मराठीत चाके लावलेल्या आधाराला 'पांगुळगाडा' हा सुंदर शब्द आहे, पण तो चालायला शिकणाऱ्या मुलाकडे गेला. ज्याच्या नावे तो घडला, त्या पांगळ्या माणसाला आपण पाठीवर वा पाटावर घालूनच नेत राहिलो. त्यामुळे खुर्ची आली तेव्हा तिच्यासाठी मराठीत ना नाव तयार होते, ना ती बेतणारा कारागीर. 'चाकाची खुर्ची' हे भाषांतर आहे आणि 'व्हीलचेअर' हा उसना शब्द.

आता इतिहासाकडे वळू. अपंगत्व आलेल्या माणसाच्या अंगाचे माप घेऊन साधन बनविण्याची विद्या पुण्यात लष्कराच्या मार्गाने आली. पहिल्या महायुद्धातील अपंग हिंदी सैनिकांसाठी १९१७ साली मुंबईत स्थापन झालेली क्वीन मेरी तांत्रिक संस्था पुढे खडकीस आली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या पर्वात, १९४४ साली, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये लुडविग गुटमान यांनी स्टोक मँडेव्हिल येथे कण्याला इजा झालेल्या सैनिकांचा विभाग हाती घेतला व अशा रुग्णांनी अंथरुणातच आयुष्य संपवावे हा समज मोडून काढला. खडकीस १९७४ साली पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र निघाले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे पडलेले मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्ग येथील स्पर्धेत पोहण्याचे सुवर्णपदक मिळविले, हे सर्वश्रुतच आहे.

परंतु कृत्रिम पाय आणि चाकांची खुर्ची यांत एक मूलभूत भेद आहे आणि माझ्या मते पुढील साऱ्या घोटाळ्याचे मूळ तेथे आहे. मापाशिवाय कृत्रिम पाय बनूच शकत नाही. खुंटाचा साचा घेतल्यावाचून कारागिराचे काम सुरू होत नाही. म्हणून माप घेणारा मनुष्य त्या विद्येतून कधी गळला नाही. खुर्चीचे तसे नाही. अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात एव्हरेस्ट आणि जेनिंग्ज या दोघांनी पोलादी नळ्यांची घडीची खुर्ची तयार केली. ती मोटारीत मावू लागली, कारखान्यात एका मापाने शेकड्यांनी निघू लागली. वापरणाऱ्याला न पाहता खुर्ची बनविता येते, हे एकदा सिद्ध झाले म्हणजे वापरणाऱ्याला न पाहता ती देताही येते, हे ओघानेच आले.

मुलकी बाजूस मात्र चित्र निराळे होते. तेथे आरंभ एका आईपासून झाला. फातेमा इस्माईल यांच्या मुलीला पोलिओ झाला; तिच्यावर उपचार मिळविताना जे हाल सोसावे लागले त्यांतून त्यांनी १९४७ साली मुंबईत अशा मुलांसाठी उपचारकेंद्र काढले. उपचार करणारे शिकविलेले हात कोठून आणावयाचे, हा प्रश्न तेव्हाच उभा राहिला. त्यास पहिले संस्थात्मक उत्तर दिले ते कमलाबाई निंबकर यांनी. मूळच्या त्या अमेरिकेतील क्वेकर घराण्यातील एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून त्या हिंदुस्थानात आल्या, आणि पुढे मायदेशी परत जाऊन त्यांनी व्यवसायोपचाराचे रीतसर शिक्षण घेतले. १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्यांनी या विषयाची देशातील पहिली शाळा काढली आणि १९५२ साली अखिल भारतीय संघटना उभारली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक संघाच्या संस्थापक सदस्यांत भारत होता. (भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना निंबकर हे नाव निराळ्या कारणाने परिचित असते. मॅक्सीन बर्नसन यांच्यासह मराठीचे संदर्भ-व्याकरण लिहिणाऱ्या जाई निंबकर या कमलाबाईंच्या सूनबाई. आणि बर्नसनबाईंनी फलटणला काढलेल्या शाळेस नाव आहे ते कमलाबाईंचेच.) १९५२-५३ च्या सुमारास त्याच रुग्णालयात भारत सरकार, मुंबई महानगरपालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने भौतिकोपचाराची शाळा सुरू झाली. १९५५ साली भौतिकोपचारकांची अखिल भारतीय संघटना निघाली, आणि त्याच वर्षी मुंबईत हाजी अलीजवळ पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्थाही.

म्हणजे महाराष्ट्रात माप घेण्यास लायक माणसे १९५०-५५ या पाच वर्षांत घडू लागली होती. ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. अर्हता होती, तिला नाव व अधिकार नव्हता.

नावाचे त्रांगडे पाहण्यासारखे आहे. 'फिजिओथेरपी'ला 'भौतिकोपचार' हा प्रतिशब्द मिळाला. 'भौतिक' म्हटल्यावर मराठी वाचकास पदार्थविज्ञान आठवते, देह आठवत नाही. 'ऑक्युपेशनल थेरपी'चा 'व्यवसायोपचार' झाला, आणि तेथे तर अनर्थच ओढवला. इंग्रजीतील 'ऑक्युपेशन' या शब्दाला पोटापाण्याचा धंदा आणि मनुष्य ज्यात गुंतलेला असतो ते कोणतेही कार्य, असे दोन अर्थ आहेत; या शास्त्राला दुसरा अभिप्रेत आहे. संस्कृतात व्यवसाय म्हणजे निश्चय वा उद्योग; पण आजच्या मराठीत पहिला अर्थच शिल्लक आहे. परिणामी आत्यांसारख्या पंचाहत्तरीच्या बाईस व्यवसायोपचार-तज्ज्ञाकडे न्या म्हटले तर घरचे लोक विचारतात, "आता या वयात त्यांना कसला व्यवसाय करावयाचा आहे?" हा प्रश्न मी स्वतः विचारला होता, हे कबूल केले पाहिजे. वस्तुतः आंघोळ करणे, केस विंचरणे, देवापुढे दिवा लावणे हाच तो व्यवसाय, आणि खुर्ची हवी असते ती त्यासाठीच. 'तज्ज्ञ' हा शब्दही असाच अपुरा आहे. तत् जाणणारा तो तज्ज्ञ. ते 'तत्' म्हणजे काय, हे पूर्वपदाने सांगावयाचे असते, आणि येथे पूर्वपदच दिशाभूल करणारे ठरले.

कायद्याच्या भाषेत याहून उद्‌बोधक विसंगती आढळते. प्रशासकीय मराठीत 'अर्हता' आणि 'पात्रता' हे दोन शब्द वेगळे वापरण्याचा संकेत बऱ्याच अंशी पाळला जातो : काम करणाऱ्याची अर्हता, लाभ घेणाऱ्याची पात्रता. अपंग व्यक्तींना साधने पुरविण्याची केंद्र सरकारची योजना १९८१ पासून चालू आहे. तीत लाभार्थ्याच्या पात्रतेचा तपशील बारकाईने दिलेला असतो : उत्पन्नाची मर्यादा, चाळीस टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र, पूर्वी साधन घेतले होते किंवा काय. अर्हतेबद्दल योजना अगदीच मूक आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. साधने देणाऱ्या संस्थेकडे मान्यताप्राप्त शिक्षण घेतलेले कर्मचारी असावेत, त्यांनी साधन सुचवावे व बसवावे, अशी अट तीत आहे. परंतु ती संस्थेसाठी अट आहे. अमुक रुग्णाच्या खुर्चीसाठी अमुक अर्हतेच्या व्यक्तीने सही केली पाहिजे, असे तिचे स्वरूप नाही. ती सही हवी असते प्रमाणपत्रावर. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमापासून प्रमाणपत्राची वैद्यकीय मंडळे आली, २०१६ च्या नव्या अधिनियमाने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले, चाळीस टक्क्यांचा उंबरठा कायम ठेवला. टक्का मोजण्याचा अधिकार कोणास, हे कायद्याने असे निःसंदिग्ध सांगितले. टक्का म्हणजे देहाची उणीव. जो देह उरला आहे त्याचे माप घेणारा मात्र कायद्याला दिसला नाही. 'रुग्णाचे मूल्यमापन' हा शब्दप्रयोग आपण इंग्रजीवरून रूढ केला. त्यातील 'मूल्य' टक्क्याच्या रूपाने टिकले आणि 'मापन' तेवढे गळून पडले.

भारतीय पुनर्वसन परिषदेचा १९९२ चा अधिनियम वाचताना तर मला नवल वाटले. पुनर्वसनाच्या क्षेत्रातील व्यावसायिक कोण, याची यादी त्याच्या व्याख्याकलमातच आहे. श्रवणतज्ज्ञ व वाचोपचारक आहेत, चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ आहेत, विशेष शिक्षक आहेत. श्रवणयंत्र आणि कानाचा साचा तयार करणारे तंत्रज्ञसुद्धा स्वतंत्र वर्ग म्हणून नोंदलेले आहेत. ज्याच्या कानात यंत्र बसवावयाचे त्याच्या कानाचा साचा कोणी घ्यावा, याची चिंता संसदेने वाहिली. भौतिकोपचारक आणि व्यवसायोपचारक या यादीत नाहीत. मला यात द्वेष वा दुर्लक्ष दिसत नाही. कानाचा साचा, कृत्रिम पायाप्रमाणेच, घेतल्याशिवाय चालत नाही, म्हणून तो घेणारा नजरेस पडतो. खुर्ची मापाशिवाय चालते. निदान ढकलली तर चालते.

दोन्ही व्यवसायांना मान्यता देण्यात महाराष्ट्राने केंद्रापुढे पाऊल टाकले, हे नमूद केले पाहिजे. २००२ सालचा राज्य परिषदेचा अधिनियम २००४ चा दुसरा कायदा म्हणून अमलात आला. त्याच्या शीर्षकात व्यवसायोपचार आधी व भौतिकोपचार नंतर आहे. लोकव्यवहारात हा क्रम नेमका उलटा आहे, के. ई. एम. मधील दोन शाळांच्या जन्मक्रमाशी मात्र तो जुळतो. या अधिनियमाने नोंदणी आली, म्हणजे अर्हता आणि नाव यांची गाठ पडली. १९९८ साली स्थापन झालेल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने दोहोंचे साडेचार वर्षांचे पदवी-अभ्यासक्रम चालविले. केंद्राचा सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांचा अधिनियम येण्यास २०२१ साल उजाडले. त्याने आरोग्यसेवा-व्यावसायिकासाठी किमान ३,६०० तासांच्या शिक्षणाची मर्यादा घातली आणि दोन्ही उपचारकांना परिशिष्टात स्वतंत्र स्थान दिले. एवढे होऊनही खुर्चीसाठी रुग्णाला तपासणे हे त्यांपैकी कोणाचे राखीव वा विशेष काम, हे कोठे सांगितलेले मला आढळले नाही. पदवी आहे म्हणून खुर्चीचे ज्ञान आहे, असे गृहीत धरावे लागते. आणि ज्यांनी कण्याच्या रुग्णांत वर्षे घालविली ते उपचारक, आणि ज्यांनी खेळाडूंचे गुडघे बरे करण्यात घालविली ते, कायद्याच्या दृष्टीने एकाच पंक्तीस बसतात.

इतरत्र हा प्रश्न दोन भिन्न रीतींनी सोडविलेला दिसतो. अमेरिकेतील वृद्धांच्या शासकीय आरोग्यविम्यात काही विशेष प्रकारच्या खुर्च्यांसाठी परवानाधारक उपचारकाने किंवा या कामाचा अनुभव असलेल्या वैद्याने स्वतंत्र तपासणी करावी लागते, आणि तपासणाऱ्याचा खुर्ची पुरविणाऱ्याशी आर्थिक संबंध असता कामा नये, असा दंडक आहे. याउलट जागतिक आरोग्य संघटनेने २००८ च्या मार्गदर्शिकेत पदवीपेक्षा कामाच्या पायऱ्यांवर भर दिला. रुग्णाला सेवेकडे पाठविणे, तपासणी, योग्य खुर्ची सुचविणे, पैशांची तजवीज, खुर्चीची सिद्धता, ती अंगाला बसते का हे पाहणे, वापर शिकविणे आणि पुढील देखभाल-दुरुस्ती, अशा आठ पायऱ्या तीत सांगितल्या. जेथे पदवीधर उपचारक दुर्मीळ आहेत तेथे प्रशिक्षित आरोग्य-कार्यकर्त्यानेही प्राथमिक तपासणी करावी, असा तिचा आशय आहे. गडचिरोलीस दुसरी रीत अधिक सोयीची पडेल आणि खराडीस पहिली, असे मला वाटते. पुण्यासारख्या शहरात उपचारकांची वाण नाही. तेथे दुकान आणि उपचारक यांच्यामधील रस्ताच बांधलेला नाही. आठ पायऱ्यांपैकी 'वाटप' ही फार तर दीड पायरी. आमच्या समारंभांची छायाचित्रे त्याच पायरीवर काढलेली असतात.

सप्टेंबर २०२५ मध्ये भौतिकोपचारकांनी नावामागे 'डॉक्टर' लावावे की नाही, यावर मोठा वाद माजला. केंद्रीय आरोग्यसेवा महासंचालनालयाने ते लावू नये असे पत्र काढले आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतले. उपाधीचा प्रश्न क्षुल्लक आहे असे भाषेचा अभ्यासक तरी म्हणणार नाही. तथापि त्या वादात झडलेल्या शब्दांपैकी काही थोडे, उपाधीऐवजी, या मंडळींनी नेमके काय तपासावे आणि त्यांच्या कोणत्या कागदावाचून कोणती वस्तू विकली जाऊ नये, यावर खर्ची पडले असते तर आत्यांचे तीन आठवडे वाचले असते.

आमच्या विभागातील विद्यार्थ्यांना एक काम सुचवावेसे वाटते. के. ई. एम. मधील आरंभीच्या तुकड्यांतून बाहेर पडलेल्या उपचारकांची पिढी आता मावळत आली आहे. शिक्षण त्यांनी इंग्रजीत घेतले, पण गिरणगावातील रुग्णांशी त्या मराठीत बोलल्या. 'हाडावर बसू नका, मांडीवर बसा', 'दर अर्ध्या तासाने उचला' असली वाक्ये आत्यांकडे आलेल्या बाईंच्या तोंडी मी ऐकली आणि ती त्यांनी आपल्या गुरूंकडून उचलली होती. खळी, फरा, पायटा, हे शब्द कोणत्याही परिभाषाकोशाची वाट न पाहता कामाला लागलेले आहेत. मुंबईत व खडकीस अजून भेटू शकतील अशा व्यक्तींकडून हा शब्दसंग्रह ध्वनिमुद्रित करून घ्यावा. आत्यांच्या मापांचा कागद मी विभागात आणून ठेवला आहे. त्यावर चौदा इंच हे माप आहे, तपासणाऱ्या बाईंची सही आणि त्यांच्या परिषद-नोंदणीचा क्रमांक आहे. दुकानाची जुनी पावतीही त्याला जोडली आहे.